अ‍ॅप तीन आठवड्यांत झालं, बाजार भरायला दोन वर्षं गेली

आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या हॉस्टेलच्या जिन्याखाली दर जूनमध्ये एक ढीग लागायचा. ड्राफ्टर (ड्रॉइंगच्या रेघा मारायचं उपकरण), ड्रॉइंग बोर्ड, शीट ठेवायचे लांब कंटेनर, कव्हर फाटलेली एम-थ्रीची (गणिताच्या तिसऱ्या पेपरची) पुस्तकं, बादल्या, वर्कशॉपचे अ‍ॅप्रन, टेबल फॅन. बीईवाले, म्हणजे शेवटच्या वर्षाचे, शेवटची ओरल देऊन घरी निघाले की जे बॅगेत मावत नाही ते तिथं टाकून जायचे आणि मग भंगारवाला येऊन सगळं किलोवर उचलायचा. आणि त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी कॅपचे, म्हणजे अ‍ॅडमिशनचे, राऊंड संपून एफईची (पहिल्या वर्षाची) पोरं आली की तीच पोरं आईवडिलांना घेऊन पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जायची आणि हेच सगळं नवंकोरं विकत घ्यायची, तेही अ‍ॅडमिशनच्या खर्चानं घर आधीच टेकीला आलेलं असताना. मला हे बघून फार वाईट वाटायचं. म्हणून आम्ही पाच जणांनी एसईला, म्हणजे दुसऱ्या वर्षाला, असताना ठरवलं की कॉलेजपुरतं एक अ‍ॅप करायचं, जुन्या वस्तू आपापसात विकायचं. त्या दोन वर्षांत जे कळलं ते लिहितेय, कोणी आपल्या कॉलेजात असं काही करणार असेल तर उपयोग होईल.

आधी मार्केटप्लेस म्हणजे काय ते बघू. दुकानात माल दुकानदाराचा असतो, त्यानं आधी पैसे घालून भरलेला. मार्केटप्लेस म्हणजे मंडई. जागा एकाची, माल दुसऱ्याचा आणि गिऱ्हाईक तिसरंच. जागेवाल्याच्या हातात यातलं काहीच नसतं, ना माल ना भाव ना गिऱ्हाईक. त्याचं काम एवढंच की विकणारा आणि घेणारा एका वेळी एका ठिकाणी यावेत आणि त्यांना एकमेकांवर भरवसा वाटावा. ऐकायला सोपं आहे. पण आम्ही पहिले तीन आठवडे फक्त कोड लिहिला, लॉगिन, फोटो अपलोड, चॅट, सर्च, सगळं झालं, आणि आम्हाला वाटलं की काम संपलं. म्हणजे मंडईची इमारत बांधली आणि भाजी आपोआप येईल असं धरून चाललो.

जानेवारीत चालू केलं. पहिल्या दिवशी बरीच पोरं आली, बघून गेली आणि परत आलीच नाहीत. कारण सरळ होतं. ज्याला सायकल हवी होती त्याला चार पुस्तकं दिसली, ज्याला पुस्तक हवं होतं त्याला दुसऱ्याच ब्रँचचं दिसलं. विकणाऱ्यानं फोटो टाकला, आठ दिवस कोणी विचारलं नाही, त्यानं अ‍ॅप काढून टाकलं. गिऱ्हाईक नाही म्हणून माल नाही, माल नाही म्हणून गिऱ्हाईक नाही. जगातल्या प्रत्येक मार्केटप्लेसला सुरुवातीला ही अडचण येते आणि ती जाहिरात करून सुटत नाही, कारण माणसं आली तरी ती रिकामा बाजारच बघून जातात.

उत्तर मला माझ्या आजोळी सापडलं. तिथं आठवडी बाजार भरतो. लहानपणी वाटायचं, रोज का नाही भरत? उन्हाळ्याच्या सुट्टीत गेले तेव्हा आजोबांना विचारलं तर ते म्हणाले, रोज भरवला तर रोज दहाच माणसं येतील, मग वांगीवाला कशाला येईल. एक वार ठरवला की सगळी पंचक्रोशी त्याच दिवशी येते, आणि पंचक्रोशी येते म्हणून वांगीवाल्यापासून बैलवाल्यापर्यंत सगळे येतात. माणसं तेवढीच असतात, फक्त सात दिवसांत विखुरलेली एका दिवसात गोळा होतात.

आम्ही तेच केलं. वस्तू आठवडाभर कधीही टाका, पण ती सगळ्यांना दिसणार गुरुवारी रात्री नऊला, मेसचं जेवण झाल्यावर. कोडमध्ये बदल म्हणाल तर एक तारीख-वेळेची अट, बाकी काही नाही. पण नऊच्या ठोक्याला सगळे एकदम अ‍ॅप उघडायला लागले, कारण चांगली वस्तू पहिल्या दहा मिनिटांत जाते हे कळलं होतं. दुसरं म्हणजे आम्ही अख्खं कॉलेज सोडून दिलं आणि फक्त हॉस्टेल धरलं, आणि वस्तूही फक्त तीन प्रकारच्या, एफईचं सामान, पुस्तकं आणि सायकली. फेसबुकसुद्धा २००४ ला सुरू झालं तेव्हा फक्त हार्वर्डच्या ईमेलवाल्यांनाच आत येता यायचं, एक जागा गच्च भरल्यावर ते दुसऱ्या कॉलेजात गेले. थोड्या जागेत दाटी झाली पाहिजे, मग बाजार चालतो.

पण खरी अडचण त्याहून मोठी होती आणि ती कुठल्याच ट्युटोरियलमध्ये नव्हती. विकणारे जातात जूनमध्ये. घेणारे येतात ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. मधल्या दोन महिन्यांत विकणारा नांदेडला किंवा जळगावला घरी आणि त्याचा ड्राफ्टर जिन्याखाली. अ‍ॅप कितीही भारी केलं तरी ड्राफ्टर दोन महिने कुठं ठेवायचा? हे आम्हाला पहिल्या जूनमध्ये डोळ्यांसमोर ढीग लागताना कळलं, आणि त्या वर्षी फार काही वाचवता आलं नाही.

दुसऱ्या वर्षी मार्चमध्येच रेक्टर मॅडमना भेटून तळमजल्यावरची एक बंद खोली मागून घेतली. बीईवाल्यांनी वस्तू आणून द्यायची, आम्ही तिला नंबराची चिठ्ठी चिकटवायची, रजिस्टरमध्ये नाव, वस्तू, किमान किती पैसे हवेत आणि यूपीआय आयडी लिहायचा. सप्टेंबरमध्ये विकली गेली की घेणारा थेट त्या सीनियरच्या यूपीआयवर पैसे टाकणार, सीनियरनं "मिळाले" म्हटलं की आम्ही वस्तू हातात देणार. दोन वर्षांत आम्ही जे काही केलं त्यात सगळ्यात जास्त उपयोग या खोलीचा झाला असं माझं स्पष्ट मत आहे. अ‍ॅप त्या खोलीतल्या वस्तूंची यादी दाखवत होतं, एवढंच.

आता भरवशाचं बघू, कारण जुन्या वस्तूंच्या बाजारात खरा घोळ तिथं असतो. १९७० मध्ये जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अर्थतज्ज्ञानं जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक पेपर लिहिला, पुढं २००१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्यांचं म्हणणं कॅल्क्युलेटरवर सांगते. समजा जुना पण अस्सल कॅल्क्युलेटर सातशेच्या लायकीचा आहे आणि डुप्लिकेट दोनशेच्या. विकणाऱ्याला माहितीये आपला कुठला ते, पण घेणाऱ्याला फोटोवरून कळत नाही. मग घेणारा म्हणतो, रिस्क आहे, मी साडेचारशेच देणार. साडेचारशेत अस्सलवाला विकत नाही, तो म्हणतो त्यापेक्षा भावाला देतो. डुप्लिकेटवाला मात्र खुशीनं विकतो. हळूहळू बाजारात डुप्लिकेटच उरतात, घेणाऱ्याला ते कळतं, तो अजून कमी भाव देतो आणि शेवटी बाजारच उठतो. कोणी वाईट माणूस नसला तरी हे होतं, फक्त एकाला माहिती आहे आणि दुसऱ्याला नाही एवढ्यावरून.

यावर उपाय म्हणून आम्ही आधी स्टार रेटिंग केलं, सगळीकडे असतं म्हणून. ते काहीच कामाचं निघालं नाही. ईबेनं १९९६ मध्ये एकमेकांना शेरा द्यायची पद्धत आणली ती चालली, कारण तिथं तोच विक्रेता शेकडो वेळा विकतो, त्याला नाव जपायचं असतं. हॉस्टेलमधला पोरगा चार वर्षांत तीनदा विकतो. त्याचे स्टार जमणार कधी? आणि त्याला आपण दोन स्टार देणार कसे, तो तर समोरच्या खोलीत राहतो. मग रेटिंग काढून टाकलं आणि दोनच गोष्टी ठेवल्या. एक, प्रत्येक जाहिरातीवर खरं नाव, ब्रँच आणि वर्ष दिसणार. दोन, कॅल्क्युलेटर, सायकल, फॅन असल्या वस्तू समोरासमोर चालवून बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. कॅल्क्युलेटरचं प्रत्येक बटण दाबायचं आणि एक इंटिग्रेशन काढून बघायचं, सायकलला एक चक्कर मारायची. ओळख आणि तपासणी, यानंच काम झालं.

ओळख पटवायची कशी यात मात्र आम्ही चुकलो आणि ती चूक मला अजून टोचते. कॉलेजच्या ईमेलवरून लॉगिन ठेवलं होतं, पण एफईच्या पोरांना कॉलेजचा ईमेल मिळायलाच कित्येक आठवडे जातात, आणि आमचं गिऱ्हाईक तर तेच! म्हणून आम्ही म्हटलं आयकार्डचा किंवा अ‍ॅडमिशनच्या पावतीचा फोटो पाठवा. फोटो एका ड्राइव्ह फोल्डरमध्ये साठत गेले, त्यावर जन्मतारीख, पत्ता, मोबाईल नंबर, सगळं. पाचही जणांना ते उघडता येत होतं. एक दिवस सहज फोल्डर उघडला आणि ते इतके चेहरे आणि पत्ते बघून माझ्या पोटात गोळा आला. २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा साध्या भाषेत असं सांगतो की ज्या कामासाठी माहिती घेतली तेवढ्यालाच वापरा आणि काम झालं की पुसून टाका, आणि १८ वर्षांखालच्यांची माहिती घ्यायची तर पालकांची संमती लागते. एफईची कितीतरी पोरं अ‍ॅडमिशनच्या वेळी सतराची असतात. आम्ही त्याच रात्री सगळे फोटो पुसले. नंतर पद्धत बदलली, आयकार्ड खोलीवर येऊन प्रत्यक्ष दाखवायचं, व्हॉलंटिअर बघून टिक करणार, काहीही साठवायचं नाही.

फोन नंबरचंही तसंच. पहिल्या आवृत्तीत विकणाऱ्याचा नंबर सगळ्यांना दिसायचा, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर बोलणं सोपं जातं. एका ज्युनिअर मुलीनं पुस्तक विकायला टाकलं आणि तिला रात्री अकरानंतर "हाय", "कुठली आहेस" असे मेसेज यायला लागले, पुस्तकाशी संबंध नाही. तिनं मला सांगितलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे डिझाइन ठरवताना खोलीत चार मुलं आणि मी होतो आणि मीसुद्धा हा विचार केला नव्हता. त्यानंतर नंबर बंद, बोलणं अ‍ॅपच्या आत, भेटायची जागा लायब्ररीच्या पायऱ्या आणि वेळ संध्याकाळी सहाच्या आत. तक्रारीचं बटण दाबलं की ते थेट दोन मुलींकडे जातं. कॉलेजात असं काही बांधत असाल तर पहिल्या दिवशी हे करा, फीचर वगैरे नंतर.

पैशांचं थोडक्यात सांगते. आम्हाला वाटायचं की पैसे अ‍ॅपमधून घ्यावेत, मध्ये धरून ठेवावेत, वस्तू मिळाली की पुढं सोडावेत. पण दुसऱ्यांचे पैसे गोळा करून पुढं देणं हा धंदा झाला आणि त्याला रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत, २०२० मध्ये अशा मध्यस्थांसाठी म्हणजे पेमेंट अ‍ॅग्रीगेटरसाठी नियमावली आली आणि बँक नसाल तर त्यांची परवानगी लागते. विद्यार्थ्यांनी त्यात पडूच नये. यूपीआय आहे, घेणाऱ्यानं थेट विकणाऱ्याला द्यावेत, विषय संपला. फक्त एक गोष्ट अ‍ॅपमध्ये मोठ्या अक्षरात लिहून ठेवली, की पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, पिन फक्त पैसे देताना लागतो. "हा क्यूआर स्कॅन करा, तुम्हाला पैसे येतील" ही फसवणूक जुन्या वस्तू विकणाऱ्यांनाच जास्त गाठते.

आता जरा टेक्निकल, पण सोप्यात सांगते. एका गुरुवारी एकच सायकल दोघांना मिळाली. दोघांच्या फोनवर "बुक झाली", दोघं लायब्ररीच्या पायऱ्यांवर हजर, आणि भांडण. झालं काय होतं? एसटी स्टँडवर गाडी लागली की लोक खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात. दोन्ही बाजूच्या खिडक्यांतून दोघांनी एकाच वेळी बघितलं, सीट रिकामी, दोघांनी एकाच वेळी रुमाल टाकला. दोघंही खरे. आमचा कोड असाच होता, आधी बघायचा "रिकामी आहे का", मग लिहायचा "याची झाली", आणि बघण्यात आणि लिहिण्यात जो सेकंदाचा तुकडा जातो त्यात दुसराही बघून घ्यायचा. एरवी हे महिनोन्‌महिने होत नाही, पण आम्ही नऊच्या ठोक्याला सगळ्यांना एकदम सोडत होतो, मग होणारच. याचा उपाय म्हणजे ट्रान्झॅक्शन. डेटाबेसला (जिथं सगळी माहिती साठते) सांगायचं की बघणं आणि लिहिणं ही एकच कृती धर, आणि मी बघितल्यापासून लिहीपर्यंत मध्ये कोणी हात लावला असेल तर माझं लिहिणं रद्द कर. थोडक्यात रुमाल बंद, रिझर्व्हेशनच्या खिडकीतून एकेकाला तिकीट. जिथं एकच वस्तू आणि अनेक हात आहेत तिथं हे लागतंच.

दुसरं असं की एकदा गुरुवारी नऊ वाजून काही मिनिटांतच अ‍ॅप बंद पडलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला आपोआप चालू झालं. आम्ही फायरस्टोअर, म्हणजे गूगलचा ऑनलाइन डेटाबेस, वापरत होतो, त्याच्या फुकट प्लॅनमध्ये दिवसाला ५०,००० वेळा वाचता येतं. एक वस्तू दाखवली की एक वाचन. आमचं होमपेज उघडलं की एकदम दोनशे वस्तू यायच्या, म्हणजे एकानं एकदा उघडलं की २०० गेले, अडीचशे वेळा उघडलं की दिवसाचा कोटा खलास! आणि हा कोटा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मध्यरात्रीला परत भरतो, तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारचे साडेबारा वाजलेले असतात. आधी वीसच वस्तू दाखवायच्या, खाली सरकवलं की पुढच्या वीस, एवढ्या बदलानं प्रश्न मिटला. फोटोंचंही तेच, पाच-पाच एमबीचे फोटो हॉस्टेलच्या वायफायवर चढायचे नाहीत, ते फोनमध्येच लहान करून मग पाठवायला लागलो.

प्ले स्टोअरवर टाकायला एकदाचे २५ डॉलर लागतात, अ‍ॅपलला दरवर्षी ९९. शिवाय गूगलनं नव्या वैयक्तिक अकाउंटना किमान १२ टेस्टरकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यायची अट घातलीये. आम्ही दोन्ही सोडलं आणि ब्राउझरमध्ये उघडणारी वेबसाइट केली जी होम स्क्रीनवर आयकॉन म्हणून ठेवता येते. कोणालाही फरक जाणवला नाही.

आमचा खरा प्रतिस्पर्धी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. तिथं फोटो टाकला, "५०० फिक्स" लिहिलं की झालं. आमच्याकडे अकरा रकाने भरायचे होते, प्रकार, उपप्रकार, कंपनी, किती जुनं, कंडिशन, आणि काय काय. सबमिशनच्या आठवड्यात कोण भरणार. शेवटी तीनच ठेवले, फोटो, नाव, किंमत. सर्चमध्ये लोक काय टाइप करतात ते बघितलं तर कोणी पुस्तकाचं नाव लिहीतच नव्हतं, "एम टू", "ग्राफिक्स", "मेकॅनिक्स" असं लिहीत होतं, म्हणून आम्ही प्रत्येक विषयाची बोलीतली नावं हातानं जोडली. आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपपेक्षा आपण कुठं बरे पडू हे शोधताना एक गोष्ट हाताला लागली, शिळ्या जाहिराती. ग्रुपमध्ये वस्तू विकली गेली तरी मेसेज तसाच राहतो, दहा जण विचारतात, दहाही जणांना "गेली" ऐकावं लागतं आणि अकराव्यांदा माणूस विचारतच नाही. विकणाऱ्याला "विकली" असं बटण दाबून काय मिळतं? काहीच नाही, म्हणून तो दाबत नाही. मग आम्ही दहा दिवसांनी त्यालाच विचारायला लागलो, "अजून आहे का?", हो किंवा नाही, आणि दोन दिवसांत उत्तर नाही आलं तर जाहिरात आपोआप खाली. याद्या लहान दिसायला लागल्या तेव्हा आमच्यातल्याच दोघांना वाटलं की अ‍ॅप ओसाड वाटेल. पण उरलेल्या वस्तू खऱ्या होत्या आणि लोक विचारायला लागले.

भाव ठरवताना पोरं अडखळायची, विशेषतः पहिल्यांदा विकणारी, एकतर नव्याच्या जवळपास सांगायची नाहीतर लाजून फुकट द्यायची. म्हणून किंमत लिहायच्या रकान्याखाली "याआधी ड्राफ्टर इतक्या ते इतक्याला गेले" अशी ओळ दाखवायला लागलो, आमच्याच रजिस्टरवरून. घासाघीस कमी झाली.

राहिलं विद्यार्थ्यांनी चालवायचं म्हणजे काय ते. कंपनी सोडून माणूस कधीतरी जातो, कॉलेजातनं मात्र प्रत्येक जण जाणारच असतो आणि तारीख आधीच माहीत असते. तरी आम्ही पहिल्या वर्षी डोमेन (साइटचा पत्ता) एकाच्या पर्सनल जीमेलवर घेतलं. तो इंटर्नशिपला गेला, रिन्यूअलचा मेल त्याच्या जीमेलच्या प्रमोशन्स टॅबमध्ये पडून राहिला आणि ऐन सप्टेंबरमध्ये, एफईची पोरं आलेली असताना, साइट तीन दिवस बंद. तेव्हापासून सगळी अकाउंट्स एका वेगळ्या सामायिक ईमेलवर आहेत, आणि त्याचा रिकव्हरी नंबर दर जुलैमध्ये बदलायचा असं रजिस्टरच्या पहिल्या पानावरच लिहिलंय. परीक्षेच्या महिन्यात नवीन कोड टाकायचा नाही, हा नियम दुसऱ्या पानावर. आणि दर वर्षी एसईचे किमान तीन जण घ्यायचे, त्यातला एकच कोडिंगवाला चालेल, बाकीच्यांना खोली आणि माणसं सांभाळता आली पाहिजेत. आम्ही आधी उलटं करत होतो, सगळे कोडिंगवाले.

गेल्या जुलैमध्ये मी ज्युनिअर्सना सगळं दिलं तेव्हा पासवर्ड सांगायला दहा मिनिटं लागली आणि खोली दाखवायला अख्खी दुपार. कुठल्या फळीवर बोर्ड उभे ठेवायचे म्हणजे वाकत नाहीत, कुठल्या भिंतीला पावसात ओल येते म्हणून तिथं पुस्तकं नकोत, ड्राफ्टरचे स्क्रू हरवतात म्हणून ते वेगळ्या पिशवीत बांधून त्याच नंबराची चिठ्ठी लावायची. गाद्यांचं मात्र अजून ठरलेलं नाही. जागा फार अडते आणि एकात ढेकूण निघाले की सगळ्यांना लागतात, पण जिन्याखाली आता सगळ्यात जास्त गाद्याच पडतात आणि नव्या पोरांना पहिल्या रात्री तीच लागते. ज्युनिअर्स म्हणताहेत की मेमध्ये गच्चीवर ऊन दाखवून, प्लास्टिकमध्ये बांधून आधी पाच-सहाच ठेवून बघू.